ट्रान्समिशन लाइनचा इंडक्टन्स कसा काढतात? तारांमधल्या अंतराचा हिशोब

पुण्याहून अहिल्यानगरच्या रस्त्याला लागलं की लोणीकंदच्या आसपास विजेच्या उंच टॉवर्सची गर्दी दिसते. तिथे ४०० केव्हीचं सबस्टेशन आहे. ४०० केव्हीच्या लाइनकडे नीट बघितलंत तर इन्सुलेटरच्या प्रत्येक माळेखाली दोन तारा शेजारी-शेजारी चाललेल्या दिसतील. त्यांच्यातलं अंतर साधारण ४५० मिलिमीटर, म्हणजे एक हात. मध्ये मध्ये त्यांना धरून ठेवणारी छोटी दांडी असते, तिला स्पेसर म्हणतात. दोन्ही तारा एकाच फेजच्या, दोन्हींत एकच व्होल्टेज.

मग तेवढंच ॲल्युमिनियम वापरून एकच जाड तार का नाही टाकली? स्पेसरचा खर्च वाचला असता, काम सोपं झालं असतं.

याची कारणं दोन. पहिलं म्हणजे कोरोना. एवढ्या व्होल्टेजला बारीक तारेभोवतीची हवा फुटायला लागते, तडतड आवाज येतो आणि वीज वाया जाते. दोन तारा मिळून जाड तारेसारख्या वागतात आणि हा त्रास कमी होतो. ४०० केव्हीला दोन तारा टाकायचं मुख्य कारण हेच सांगितलं जातं. दुसरं कारण इंडक्टन्स, आणि आज त्याचाच हिशोब मांडायचा आहे. गणित अवघड नाहीये. अकरावीतला लॉग आठवत असेल तर फोनच्या कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांत होतं.

सरळ तारेला कसला आलाय इंडक्टन्स?

इंडक्टन्स म्हटलं की आपल्याला कॉइल आठवते. वायरलेस चार्जिंगच्या फोनच्या पाठीत असते तशी. पण इंडक्टन्स असायला वेटोळं लागतंच असं नाही. तारेतून करंट गेला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, हे दहावीच्या विज्ञानात झालंय. करंट बदलला की क्षेत्र बदलतं, आणि बदलतं क्षेत्र त्याच तारेत उलटं व्होल्टेज तयार करतं. करंटच्या बदलाला विरोध करायच्या या गुणाचं माप म्हणजे इंडक्टन्स. एकक हेन्री.

एक मीटर तारेचा इंडक्टन्स इतका कमी असतो की घरात कुणी त्याचा विचारही करत नाही. पण लाइन दोनशे किलोमीटर लांब असली आणि करंट सेकंदाला ५० आवर्तनं करत असला की तोच इंडक्टन्स सगळ्यात मोठा अडथळा होतो. किती मोठा, ते आकड्यात बघू. आपल्याकडे ४०० केव्हीला सर्रास वापरली जाणारी तार म्हणजे 'मूस'. ॲल्युमिनियमच्या ५४ तंतूंच्या आत पोलादाचे ७ तंतू, एकूण व्यास ३१.७७ मिलिमीटर. अशा दोन मूस तारा मिळून रोध येतो किलोमीटरला सुमारे ०.०२८ ओहम. इंडक्टन्समुळे येणारा अडथळा, म्हणजे रिॲक्टन्स, किती येतो हे आपण खाली काढणारच आहोत. आत्ता एवढंच सांगतो की तो याच्या दहापटींहून जास्त निघतो.

सूत्र येतं कुठून

समजा एक लांब सरळ तार आहे, त्रिज्या आर. तिच्या मध्यापासून जसजसं लांब जाल तसतसं चुंबकीय क्षेत्र अंतराच्या व्यस्त प्रमाणात कमी होतं. दुप्पट अंतराला निम्मं, दहापट अंतराला दहावा भाग. आता तारेच्या पृष्ठभागापासून डी अंतरापर्यंत एकूण किती फ्लक्स आहे ते मोजायचं, म्हणजे 'एक भागिले अंतर' या गोष्टीची बेरीज करत जायचं. इंटिग्रेशन शिकलेल्यांना माहीत आहे की याचं उत्तर नॅचरल लॉग येतं: एलएन (डी ÷ आर). या सगळ्या प्रकरणात लॉग शिरतो तो इथून, आणि पुढच्या बऱ्याच गमती याच लॉगमुळे आहेत.

पण डी म्हणजे कुठपर्यंत? फ्लक्स तर लांबच लांब पसरलेला असतो, आणि लॉग कुठेच थांबत नाही. एकट्या तारेचा इंडक्टन्स काढायला गेलात तर उत्तर अनंत येतं! यात गणिताची चूक नाही. एकट्या तारेतून करंट जाऊच शकत नाही, तो कुठून तरी परत यावा लागतो. परत येणारी तार डी अंतरावर असेल तर खूप लांबवर दोघींची क्षेत्रं एकमेकांना खोडून टाकतात, आणि हिशोब डी पाशी येऊन थांबतो. म्हणून 'या तारेचा इंडक्टन्स किती' असा सुटा प्रश्न विचारताच येत नाही. सोबत परतीची तार कुठे आहे हे सांगावं लागतं.

आता तारेच्या आतला भाग. आतही थोडा फ्लक्स असतो, पण तो सगळ्या करंटला वेढत नाही, काही भागालाच वेढतो. त्याचा हिशोब केला की उत्तर येतं किलोमीटरला ०.०५ मिलिहेन्री. यात त्रिज्या कुठेच नाही! तार केसाएवढी असो वा मनगटाएवढी, करंट सगळ्या जाडीत सारखा वाटला गेला असेल तर आतला इंडक्टन्स तेवढाच.

बाहेरचा आणि आतला मिळून एका तारेचा इंडक्टन्स असा, मिलिहेन्री प्रति किलोमीटरमध्ये:

एल = ०.२ × एलएन (डी ÷ आर) + ०.०५

दोन पदं सांभाळत बसण्यापेक्षा एक युक्ती करतात. ०.०५ म्हणजे ०.२ चा पाव भाग, तो लॉगच्या आत ढकलता येतो. ढकलला की आर च्या जागी ०.७७८८ × आर येतं. याला आर-डॅश म्हणू. म्हणजे भरीव तारेऐवजी तिच्या ७८ टक्के त्रिज्येची पोकळ नळी आहे असं समजायचं, आतला फ्लक्स विसरून जायचं:

एल = ०.२ × एलएन (डी ÷ आर-डॅश)

या आर-डॅशला जीएमआर म्हणतात, भौमितिक मध्य त्रिज्या. ही 'भौमितिक मध्य अंतरा'ची कल्पना जेम्स क्लार्क मॅक्सवेलची. मॅक्सवेल म्हटलं की सगळ्यांना प्रकाशाच्या लहरींची समीकरणं आठवतात, पण त्यांच्या १८७३ च्या ग्रंथात हे असलं रोजच्या कामाचं गणितही आहे.

०.७७८८ हा आकडा भरीव गोल तारेसाठी आहे. मूससारख्या पीळ दिलेल्या तारेत तंतूंमध्ये फटी असतात आणि पोलादी गाभ्यातून फारसा करंट जात नाही, त्यामुळे खरा गुणक ०.८१ च्या आसपास असतो. कंपन्यांच्या कोष्टकात तो थेट मिळतो. उत्तरात फरक किती पडतो ते खाली बघू.

तीन फेज असल्या की

वर एक जाणारी आणि एक येणारी तार धरली. प्रत्यक्षात लाइनला तीन फेज असतात, आणि तिन्हींतल्या करंटची बेरीज दर क्षणी शून्य असते. म्हणजे प्रत्येक फेजसाठी इतर दोन मिळून परतीचा रस्ता. तिन्ही तारा एकमेकींपासून सारख्या अंतरावर, समभुज त्रिकोणात असतील तर वरचंच सूत्र जसंच्या तसं चालतं.

टॉवरवर मात्र त्या बहुतेक वेळा एका ओळीत किंवा एकाखाली एक असतात. ओळीत असतील तर मधल्या तारेला दोन्ही शेजारणी जवळ, कडेच्या तारांना एक जवळ आणि एक लांब. तिघींचा इंडक्टन्स वेगळा येतो आणि लाइनच्या शेवटी फेजचं व्होल्टेज असमान होतं. म्हणून लांब लाइनवर ठराविक टप्प्यांनी तारांच्या जागा बदलतात. पहिली दुसरीच्या जागी, दुसरी तिसरीच्या जागी, तिसरी पहिलीच्या. याला ट्रान्सपोझिशन म्हणतात. प्रवासात कधी एखादा विचित्र टॉवर दिसला, जिथे तारा एकमेकींना ओलांडून जातात, तर तो बहुधा हाच.

जागा बदलल्या की सरासरी धरता येते. ही सरासरी बेरजेची नसते, गुणाकाराची असते: तिन्ही अंतरांचा गुणाकार करून घनमूळ काढायचं. याला जीएमडी म्हणतात. डी च्या जागी हा आकडा टाकला की झालं.

आणि एका फेजला दोन तारा असतील तर आर-डॅशच्या जागी काय? तिथेही गुणाकाराचीच सरासरी: आर-डॅश आणि दोन तारांमधलं अंतर यांचा गुणाकार, त्याचं वर्गमूळ.

आता हिशोब

फोनचा कॅल्क्युलेटर सायंटिफिक मोडमध्ये घ्या. बऱ्याच फोनवर तो आडवा धरला की होतो. बटण 'एल' आणि 'एन' ही दोनच अक्षरं असलेलं दाबायचं. शेजारचं 'लॉग' लिहिलेलं दाबलंत तर तो दहाच्या पायाचा लॉग असतो आणि उत्तर २.३ पटीने कमी येतं. परीक्षेत सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात.

४०० केव्हीची लाइन, तीन फेज एका ओळीत, शेजारच्या फेजमध्ये ११ मीटर अंतर धरू. म्हणजे तीन अंतरं ११, ११ आणि २२ मीटर. गुणाकार २६६२, घनमूळ १३.८६ मीटर. हा झाला जीएमडी.

मूस तारेची त्रिज्या १५.८८५ मिलिमीटर. गुणिले ०.७७८८, म्हणजे १२.३७ मिलिमीटर. दोन तारांमध्ये ४५० मिलिमीटर. १२.३७ × ४५० चं वर्गमूळ ७४.६ मिलिमीटर. हा झाला जोडतारेचा जीएमआर.

१३.८६ मीटर म्हणजे १३८६० मिलिमीटर. भागिले ७४.६, उत्तर १८५.८. त्याचा नॅचरल लॉग ५.२२५. गुणिले ०.२:

एल = १.०४५ मिलिहेन्री प्रति किलोमीटर.

५० हर्ट्झला रिॲक्टन्स काढायला २ × पाय × ५० ने, म्हणजे ३१४.१६ ने गुणायचं: ०.३२८ ओहम प्रति किलोमीटर. रोध होता ०.०२८, म्हणजे जवळजवळ बारापट. दोन मूसच्या लाइनसाठी अभियंते ढोबळमानाने ०.३३ धरतात, त्याच्याशी हे जुळतं. ०.७७८८ ऐवजी ०.८१ घेऊन पाहिलं तर ०.३२७ येतं. फरक अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी. लॉगच्या आत झालेली छोटी चूक बाहेर येईपर्यंत आणखी छोटी होते, ती अशी.

आता सुरुवातीचा प्रश्न. तेवढंच ॲल्युमिनियम एकाच जाड तारेत घातलं तर? क्षेत्रफळ दुप्पट म्हणजे त्रिज्या १.४१४ पट, जीएमआर १७.५ मिलिमीटर. १३८६० भागिले १७.५ चा लॉग घेतला की इंडक्टन्स येतो १.३३५ मिलिहेन्री आणि रिॲक्टन्स ०.४१९ ओहम. धातू तेवढाच, वजन तेवढंच, फक्त दोन भाग करून एक हात लांब ठेवले आणि इंडक्टन्स २२ टक्क्यांनी उतरला. स्पेसरच्या दांडीची किंमत यातून वसूल होते.

उलट फेज एकमेकींजवळ आणून तेवढा फायदा होत नाही. अंतर निम्मं केलं की इंडक्टन्स कमी होतो ०.२ × एलएन २, म्हणजे ०.१३९ मिलिहेन्री. कुठल्याही लाइनला, कुठल्याही अंतराला, निम्मं केलं की एवढाच. शिवाय फेजमधलं अंतर आपल्या मर्जीवर नसतं, ते व्होल्टेज ठरवतं. ४०० केव्हीच्या तारा साडेपाच मीटरवर आणायला कोण धजेल? जीएमआर मात्र बराचसा आपल्या हातात असतो. म्हणून ७६५ केव्हीला एका फेजला चार किंवा सहा तारांचा जुडगा दिसतो.

सूत्रात टॉवरची उंचीही कुठे नाही, हे लक्षात आलं का? तिन्ही फेज समतोल असताना जमीन किती खाली आहे याने इंडक्टन्सला फरक पडत नाही. कॅपॅसिटन्सला थोडा पडतो, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

हा आकडा कशाला लागतो

लाइनमधून किती मेगावॉट जाऊ शकतात हे मुख्यतः रिॲक्टन्स ठरवतो. व्होल्टेजचा वर्ग भागिले रिॲक्टन्स, गुणिले दोन टोकांच्या व्होल्टेजमधल्या कोनाचा साइन. दोनशे किलोमीटरची लाइन घ्या आणि कोन ३० अंशांचा. जोडतारेला एकूण रिॲक्टन्स ६५.७ ओहम, त्यातून जातात सुमारे १२१८ मेगावॉट. त्याच वजनाच्या जाड एकेरी तारेला ८३.९ ओहम, जातात ९५४. अडीचशेहून जास्त मेगावॉटचा फरक, म्हणजे औष्णिक केंद्रातल्या एका बऱ्यापैकी मोठ्या संचाएवढा.

दुसरा उपयोग रात्री-अपरात्री होतो. लाइनवर झाड पडलं, वीज कोसळली, इन्सुलेटर फुटला, की सबस्टेशनमधला डिस्टन्स रिले व्होल्टेजला करंटने भागतो. आलेल्या ओहमवरून दोष किती किलोमीटरवर आहे याचा अंदाज मिळतो. समजा दोन फेज एकमेकींना चिकटल्या आणि रिलेने १६.४ ओहम मोजले. किलोमीटरला ०.३२८ ने भागलं की ५० किलोमीटर. पण सेटिंग भरताना कुणी जोडतार विसरून एकाच मूसचा ०.४४१ हा आकडा भरला असेल तर तोच दोष ३७ किलोमीटरवर दिसेल. लाइनमन पावसात तेरा किलोमीटर अलीकडच्या डोंगरात तार शोधत बसणार. त्याहून वाईट म्हणजे रिलेची हद्द चुकीची ठरते, आणि नको ती लाइन बंद पडू शकते.

आकडा बरोबर असला तरी रिले फसू शकतो, कारण त्याला फक्त भागाकार कळतो. ३० जुलै २०१२ च्या पहाटे अडीचच्या सुमारास मध्य प्रदेशातली ४०० केव्ही बिना–ग्वाल्हेर लाइन तुटली. शेजारचं सर्किट ७६५ केव्हीवर नेण्याच्या कामासाठी बंद होतं, सगळा भार या लाइनवर आला होता. दोष कुठेच नव्हता. पण करंट खूप वाढलेला आणि व्होल्टेज पडलेलं, त्यामुळे भागाकार इतका लहान आला की तो रिलेच्या तिसऱ्या, सगळ्यात लांबच्या हद्दीत शिरला. रिलेला वाटलं दूर कुठेतरी शॉर्ट आहे, त्याने लाइन तोडली. पाठोपाठ अख्खं उत्तर ग्रीड कोसळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा याच लाइनपासून सुरुवात झाली, आणि या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही ग्रीड गेली. इंजिनिअर याला 'लोड एन्क्रोचमेंट' म्हणतात.

करंट जमिनीतून परतला तर?

लाइनवरचे बरेचसे दोष एकाच फेजचे असतात: तार जमिनीशी जोडली जाते आणि करंट मातीतून परत येतो. इथे तिन्ही करंटची बेरीज शून्य राहत नाही, म्हणून वरचं सूत्र चालत नाही. मग डी किती धरायचा?

याचं उत्तर जॉन कार्सन यांनी १९२६ मध्ये दिलं. मूळ गणित भयंकर आहे, पण त्यातून निघालेला कामचलाऊ नियम सोपा: जमिनीत खोलवर एक काल्पनिक परतीची तार आहे असं धरा. खोली मीटरमध्ये म्हणजे ६५८ गुणिले (मातीची रोधकता भागिले वारंवारता) चं वर्गमूळ. मातीची रोधकता १०० ओहम-मीटर आणि वारंवारता ५० हर्ट्झ धरली तर ही खोली ९३० मीटर येते. खडकाळ भागात रोधकता १००० असेल तर जवळजवळ तीन किलोमीटर! डी च्या जागी ९३० मीटर टाकून आपल्या जोडतारेचा इंडक्टन्स काढला तर १.०४५ ऐवजी १.८९ मिलिहेन्री येतो. म्हणून रिलेमध्ये जमिनीच्या दोषासाठी वेगळा गुणक भरावा लागतो. आणि मातीच्या रोधकतेचा नेमका आकडा सहसा कुणाकडे नसतो, म्हणून जमिनीच्या दोषाचं अंतर नेहमी जरा संशयानेच बघायचं.

या सगळ्यातून सुटायचा एक महागडा मार्ग आहे. रिॲक्टन्स काढताना आपण ५० हर्ट्झने गुणलं होतं. वारंवारताच शून्य केली तर गुणाकारही शून्य. चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटरची लाइन अशीच डीसी आहे, ±५०० केव्ही, १५०० मेगावॉटची. दोन्ही टोकांना कन्व्हर्टरची मोठी स्टेशनं लागतात, पण तारेतून स्थिर करंट वाहत असताना तिचा इंडक्टन्स वाटेत येत नाही. तेवढ्याच लांबीच्या आपल्या ४०० केव्ही एसी लाइनचा रिॲक्टन्स २४७ ओहम भरेल. इतक्या लांबीला कॅपॅसिटन्सही धरावा लागतो, त्यामुळे हा आकडा ढोबळ समजा. तरीही वरच्या सूत्रात टाकला तर ९० अंशांच्या अगदी शेवटच्या कोनालाही साडेसहाशे मेगावॉटच्या आतच उत्तर येतं.